डॉक्टरबाईंचा विमा आणि सोमाजीबाबांचा कोंबडा

जगभरात माणसं डॉक्टरला घाबरतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतले डॉक्टर मात्र मला घाबरायचे. मी दवाखान्याच्या दारात दिसलो की कंपाउंडर आत जाऊन सांगायचा, "विमेवाले रफिकभाऊ आले जी," आणि पेशंटला धीर देत बसलेला डॉक्टर स्वतःच खुर्चीत खाली सरकायचा. मी आलो म्हणजे हप्ता वाढला, हे गणित सगळ्यांना पाठ झालं होतं. माझी सगळी नोकरी एकाच विमा कंपनीत झाली आणि शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे डॉक्टरांच्या विम्याचं काम होतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "जंगलातली नोकरी तुमची, वाघ किती वेळा आडवा आला ते लिहा ना." वाघ एकदाच आडवा आला. माझी मोपेड बघून तो शहाण्यासारखा निघून गेला. आयुष्यात आडवा आला तो कोंबडा, आणि तो आजतागायत गेलेला नाही. म्हणून वाघाची माफी मागून कोंबड्याबद्दल लिहितो.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. डॉक्टरचा विमा म्हटलं की लोकांना वाटतं, डॉक्टर आजारी पडला की त्याला पैसे मिळत असतील. तसं नसतं. हा विमा डॉक्टरच्या चुकीचा असतो. उपचारात चूक झाली असं म्हणून पेशंट ग्राहक आयोगात गेला, तर वकील कंपनी देते आणि भरपाई द्यायची वेळ आली तर तीही कंपनी भरते. बदल्यात डॉक्टर दरवर्षी हप्ता भरतो आणि दरवर्षी मला शिव्या देतो. नाडी बघून गोळ्या देणाऱ्याला हप्ता कमी, कापाकापी करणाऱ्याला जास्त, आणि बाळंतपणं करणाऱ्याला सगळ्यांत जास्त, कारण तिथं टेबलावर दोन जीव असतात आणि बाहेर अर्धं गाव उभं असतं. त्यातून एखादी नोटीस येऊन क्लेम झाला, तर पुढच्या वर्षी हप्ता आणखी चढतो.

या पॉलिसीत एक अट असते. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय डॉक्टरनं चूक कबूल करायची नाही. केली, तर कंपनी हात वर करायला मोकळी. ही अट मी डॉक्टरांच्या डोक्यात इतकी पक्की बसवली होती की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. डॉक्टरांच्या बैठकीत उभा राहून मी खड्या आवाजात सांगायचो, "सॉरी नाही, चुकलं नाही, माफ करा नाही. हे तीन शब्द आजपासून विसरा." डॉक्टर मंडळी माना डोलवायची. शाळेत इतकं लक्ष देऊन ऐकलं असतं तर सगळेच दिल्लीला मोठ्या इस्पितळात लागले असते.

काहींनी जरा जास्तच मनावर घेतलं. कोरपन्याला एक दातांचे डॉक्टर होते. सिमेंटच्या धुळीत काम करणाऱ्यांचे दात बघून बघून माणूस आधीच गंभीर झालेला. एका लग्नात त्यांचा बुटाचा पाय नवरीच्या वडिलांच्या अंगठ्यावर पडला. वडील कळवळले. डॉक्टर ताठ उभे राहून म्हणाले, "झालेल्या प्रकाराची मला कल्पना आहे. यापेक्षा जास्त मला आत्ता बोलता येणार नाही." नवरीकडच्यांना वाटलं, माणूस पोलिसातला असावा. त्यांना पहिल्या पंगतीत बसवून दोन जिलब्या जास्त वाढल्या गेल्या.

नागभीडला दुसरे एक डॉक्टर होते, त्यांना हप्त्यात सूट हवी होती. कारण काय, तर "रफिकभाऊ, माझे पेशंट लय गरीब सोभावाचे आहेत. ते कायले नोटीस देतीन?" मी म्हणालो, स्वभाव तपासायची सोय कंपनीकडे नाही. तर पुढच्या आठवड्यात हे गृहस्थ तीन पेशंट नमुन्यादाखल घेऊन थेट चंद्रपूरच्या ऑफिसात हजर. तिघांना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. पंख्याखालच्या जागेवर कोणी बसायचं यावरून तिघांची जुंपली. "पेट्रोल का तू टाकला होता बे?" इथून सुरुवात झाली आणि शेवटी आमच्या शिपायाला मध्ये पडावं लागलं. डॉक्टरांनी खाली मान घालून पूर्ण हप्ता भरला.

सिरोंच्याकडून एकदा जडीबुटी देणारे एक म्हातारे वैदू आले. त्यांनाही विमा हवा होता. अर्जावर 'शिक्षण' असा रकाना होता, तिथं त्यांनी लिहून घ्यायला लावलं, 'आजोबा'. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "आज्यानंच शिकवलं ना मले." 'कशावर उपचार करता?' याचं उत्तर होतं, "जो येते त्याच्यावर." असा अर्ज मंजूर करणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे, पण इतका खरा भरलेला अर्जही मी दुसरा पाहिला नाही.

आता मुख्य गोष्ट. गोंडपिपरीला डॉक्टर प्रज्ञाबाईंचं प्रसूतिगृह आहे. बाई तिथल्याच जवळच्या खेड्यातल्या. वडील शेतमजूर, बाबासाहेबांचा फोटो घरात आणि पोरीच्या शिक्षणाचा ध्यास डोक्यात. बाई शिकल्या आणि शहरात न थांबता परत आल्या. आजूबाजूच्या खेड्यांतली बाळंतपणं त्यांच्याकडे. त्या नसल्या तर अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून जंगलातल्या रस्त्यानं चंद्रपूर गाठायचं, आणि पोर कुठल्या वळणावर होईल याचा भरवसा नाही. अशा बाईंचा हप्ता आमच्या कोष्टकात सगळ्यांत वरच्या ओळीत. तो दरवर्षी चढत गेला. एका वर्षी रिन्यूअलला गेलो तेव्हा त्या मला शांतपणे म्हणाल्या, "रफिकभाऊ, यंदा भरून राह्यली. पण आता एक जरी नोटीस आली ना, तर बाळंतपणं बंद. खोकला-ताप बघीन अन् सुखानं झोपीन." ही बाई उगाच बोलणारी नव्हे, म्हणून मी खरोखर घाबरलो.

प्रज्ञाबाईंच्या दवाखान्यामागे कोंबडे फिरत असत. आमच्याकडे घरात बाळ सुखरूप आलं की लोक डॉक्टरला काहीतरी आणून देतात. कोणी तांदूळ, कोणी मोहाच्या दिवसांत मोहफुलं, आणि ज्याला फारच आनंद झाला तो कोंबडा. लोकांनी आनंदानं दिलेला कोंबडा कापायचा कसा, म्हणून बाई ते तसेच सोडून द्यायच्या. त्यांत एक काळाकुट्ट कोंबडा होता आणि त्याच्या गळ्याशी पांढरी पिसं होती. कुंदा सिस्टरनं त्याचं नाव ठेवलं वकील. चालही तशीच होती, कोर्टाच्या पायऱ्या चढणारी. हा वकील सोमाजीबाबांनी दिलेला होता, पहिला नातू झाला तेव्हा.

सोमाजीबाबा म्हणजे जवळच्या गावातले म्हातारे. धोतर, टोपी, आणि गावात शब्दाला किंमत. त्यांच्या सुनेचं दुसरं बाळंतपण आलं. मुलगी झाली, सगळं सुरळीत. बाबा खूश होऊन मागच्या अंगणातल्या नळावर तांब्या भरायला वाकले, आणि वकिलानं मागून येऊन चोच मारली. कुठं मारली ते दिवाळी अंकात लिहिता येत नाही. बाबा उडाले, तांब्या उडाला, आणि अंगणात बसलेले झाडून सगळे नातेवाईक खदाखदा हसले. चोचीपेक्षा ते हसणं बाबांना जास्त लागलं.

इथं त्यांच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. कोणाचं कोणाशी बिनसलं, तर ज्याच्याकडून आगळीक झाली त्यानं स्वतःच्या हातानं तांब्याभर पाणी द्यायचं आणि चार माणसांदेखत 'चुकलं' म्हणायचं. समोरचा पाणी प्याला की विषय संपला. त्यानंतर जो कोणी तो विषय उकरून काढील, त्यानं अख्ख्या गावाला चहा पाजायचा. चहाच्या धाकानं त्या गावात जुनी भांडणं टिकतच नाहीत.

बाबा थेट बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, मले पैसे नाई पायजे. कोंबडा तुमच्या अंगनातला. तुमी पानी द्या, चुकलं म्हना, मी चाललो घरी."

बाईंनी तोंड उघडलं. मग त्यांना माझं भाषण आठवलं आणि तोंड मिटलं. आत जाऊन त्यांनी मला फोन लावला. मी त्या वेळी ऑफिसात डबा खात होतो. बाई म्हणाल्या, "रफिकभाऊ, एका बाबांना आमच्या कोंबड्यानं चोच मारली. मी चुकलं म्हणू का?"

मी हातातला घास डब्यात टाकला. "एक अक्षर बोलू नका!" मी ओरडलो. "पॉलिसी जाईल!"

बाईंनी मग बाबांसाठी काय काय केलं नाही? जखम धुतली, मलम लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि तेही नेमकं त्याच इलाक्यात. चहा दिला, बिस्किटं दिली, उशी दिली. फक्त तो एक शब्द दिला नाही. बाबा उशीवर एका अंगावर बसून वाट पाहत राहिले. शेवटी उठून म्हणाले, "एवढी शिकलेली बाई, अन् एक शब्द तोंडून निघून नाई राह्यला." आणि तरातरा निघाले. तरातरा म्हणजे त्या दिवशी त्यांना जमेल तितकं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. बाबांचा एक पुतण्या नुकताच वकील झाला होता आणि त्याला अजून एकही काम मिळालं नव्हतं. त्यानं नोटीस पाठवली. 'आपण हलगर्जीपणे बाळगलेल्या कोंबड्याने माझ्या अशिलास गंभीर इजा केली असून' वगैरे. पुरावा म्हणून फोटो जोडायला बाबांनी साफ नकार दिला होता, तेवढीच काय ती दवाखान्याची इज्जत राहिली. प्रज्ञाबाईंनी मला फोनवर नोटीस वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "आली ना नोटीस? मी पेंटरले सांगून टाकलं. बोर्डावरचं 'प्रसूतिगृह' पुसून 'दवाखाना' लिही म्हणून." मी समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी फोन ठेवला.

नेमकी त्याच सुमाराला मुंबईहून एक समिती दौऱ्यावर निघाली होती. सरकारनं एका कायद्याचा मसुदा केला होता. जंगलातल्या जिल्ह्यांत डॉक्टर टिकत नाहीत, त्याला विम्याचा हप्ताही एक कारण आहे, तर त्या हप्त्यातला काही भाग सरकारनं द्यावा, असं त्यात होतं. आणि आणखी एक कलम असं होतं की डॉक्टरनं पेशंटजवळ दुःख व्यक्त केलं तर ती चुकीची कबुली धरू नये. आता विमा हा विषय दिल्लीचा, दवाखाना हा विषय राज्याचा, आणि कोंबडा कोणाचा हे घटनेत कुठंच लिहिलेलं नाही. त्यामुळे मसुद्याचं पुढं काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं. पण डॉक्टरांच्या संघटनेनं समितीला गळ घातली, की जंगलातलं एक तरी प्रसूतिगृह डोळ्यांनी बघा. निवड झाली ती प्रज्ञाबाईंची.

समिती येणार त्या सकाळी मी गोंडपिपरीला पोचलो तर दवाखान्यासमोर मांडव, सतरंज्या, फुलांचे हार, आणि मांडवाच्या वर शिडीवर चढलेला पेंटर. त्याला थांबवायचं कोणाला सुचलं नव्हतं. समिती प्रसूतिगृह बघायला येत होती आणि पेंटर प्रसूतिगृह पुसत होता. मी बाईंना म्हणालो, निदान आजच्या दिवस तरी थांबवा. त्या म्हणाल्या, "खरं तेच दिसू द्या त्यांले."

तेवढ्यात रस्त्यावरून जीपा आणि ट्रॅक्टर यायला लागले. बाबांचं अख्खं गाव उतरलं. पोरं, बाया, म्हातारे, मध्ये सोमाजीबाबा पांढरीशुभ्र टोपी घालून. गावात बातमी अशी पोचली होती की सोमाजीबाबांना कोंबड्यानं चोच मारली म्हणून मुंबईहून सरकार कायदा करायला आलं आहे. मी एका माणसाला सांगायला गेलो की हे विम्याच्या हप्त्यासाठी आले आहेत. तो माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "हप्त्यासाठी कोन एवढ्या दूर येते जी?"

समितीचे अध्यक्ष जाडजूड, शांत गृहस्थ होते. हार घालून झाले, पाणी झालं, आणि ते म्हणाले, "डॉक्टर, बोला. हप्त्यामुळे तुमची अडचण काय होते?"

प्रज्ञाबाई उठल्या. त्यांनी 'आदरणीय' म्हणेपर्यंत बाबाही उठले होते. "पयले माझं."

तहसीलदार धावले. अध्यक्षांनी त्यांना हातानं थांबवलं. "बोला बाबा."

बाबांनी सगळं सांगितलं. नळ, तांब्या, चोच, हसणारे लोक. अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं, "जखम कुठं आहे?" बाबांचा हात धोतराच्या काष्ट्याकडे गेला आणि तहसीलदार पुन्हा धावले. बायांनी पदर तोंडाला लावले. अध्यक्षांनी घाईघाईनं "समितीला दिसली" असं लिहून घ्यायला सांगितलं.

मग ते बाईंकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही यांच्याजवळ दिलगिरी व्यक्त केली का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग समितीनं माझ्याकडे बघितलं. मग गावानं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. "साहेब, तसं करता येत नाही. पॉलिसीची अट आहे."

"कोणाच्या पॉलिसीची? कोंबड्याच्या?"

"नाही साहेब, डॉक्टरांच्या."

"चोच कोणी मारली?"

"कोंबड्यानं."

"डॉक्टरांनी सांगितली होती का मारायला? उपचार म्हणून?"

"नाही साहेब."

"कोंबडा डॉक्टर आहे का?"

"नाही."

"मग तुमच्या पॉलिसीचा इथं काय संबंध?"

पलीकडं कुठंतरी वकील आरवला. माझी अवस्था काय सांगू? पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, अगदी ठळक अक्षरांत, लिहिलेलं असतं की विमा फक्त डॉक्टरनं केलेल्या उपचारापुरता आहे. हे पान मी शेकडो डॉक्टरांना वाचून दाखवलं होतं. कोंबडा उपचारात बसत नाही. म्हणजे हा क्लेमच नव्हता, म्हणजे हप्त्याला धक्का नव्हता, म्हणजे अटही लागू नव्हती. बाई पहिल्याच दिवशी बाबांना तांब्या देऊन मोकळ्या झाल्या असत्या. मी आपला डबा खाता खाता ओरडलो आणि जंगलातलं एक प्रसूतिगृह शिडीवर चढवलं. अध्यक्षांचा स्वतःचा पोल्ट्रीचा धंदा आहे, हे मला नंतर कळलं. कोंबड्याच्या बाबतीत त्यांना कोणी बनवूच शकलं नसतं.

मी कसाबसा म्हणालो, "बाई, तुम्ही बोलू शकता."

बाई तडक मांडवातून बाहेर गेल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या. त्या मागच्या नळावरून तांब्या भरून घेऊन आल्या. बाबांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बाबा, चुकलं जी माझं. त्याच दिवशी म्हणायला पायजे होतं."

बाबांनी तांब्या घेतला, वर धरून घटाघटा पाणी प्यायले आणि मिशा पुसल्या. गावानं टाळ्या वाजवल्या. झालं, असं म्हणून मी खाली बसायला लागलो, तर बाई थांबल्याच नाहीत. तोंडाचं कुलूप एकदा निघालं ते निघालंच. सतरंजीवर बसलेल्या बायांकडे वळून त्या एकेकीला म्हणायला लागल्या. तुला टाके दुखत होते तेव्हा मी खेकसली, चुकलं. तुझ्या सासूला बाहेर ताटकळत ठेवलं, चुकलं. बाया लाजून हसत होत्या, "राहू द्या ना बाई," म्हणत होत्या.

मागच्या रांगेत शेवंता नावाची एक बाई बसली होती, मांडीवर दोनेक वर्षांची पोर. प्रज्ञाबाई तिच्यापाशी गेल्या आणि खाली बसल्या. "शेवंता, तुझं पयलं लेकरू गेलं तेव्हा मी तुझ्याशी एक शब्द बोलली नाई. तू रडत होती अन् मी फाइल घेऊन निघून गेली. चुकलं माझं."

त्या बाळाचं जाणं बाईंच्या हातात नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं, शेवंतालाही. ती म्हणाली, "मले वाटलं, तुमाले काईच वाटलं नाई." आणि बाईंचा हात धरून रडायला लागली. तिची पोर आईकडे बघून रडायला लागली. ती फाइल घेऊन निघून जायची शिकवण माझी होती. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आजही वाटतं, आणि त्यावर विनोद सुचत नाही.

गंभीर वातावरण सोमाजीबाबांना फार वेळ सोसत नाही. ते पुन्हा उठले. "आता मले बी एक सांगू द्या." त्यांनी कुंदा सिस्टरकडून तांब्या मागून घेतला, भरून आणायला लावला आणि प्रज्ञाबाईंसमोर धरला. "बाई, तो कोंबडा मी तुमाले खुशीनं नोता देल्ला. घरी तो कोनालेच बसू देत नोता. माझ्या बायकोले तीनदा चावला. नातू झाला तवा ते म्हणाली, हे पीडा डॉक्टरबाईले देऊन टाका, त्यायच्याजवळ दवाई तरी असते. चुकलं माझं."

मांडव कोसळायचा बाकी राहिला. अध्यक्ष टेबलावर डोकं टेकवून हसत होते. बाबांचा वकील पुतण्या पाठीमागच्या पाठीमागे पसार झाला. प्रज्ञाबाई हसता हसता पाणी प्यायल्या, त्यांना ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात शिडीवरून पेंटरनं विचारलं, "बाई, 'प्रसू' पुसून झालं. पुढचं पुसू का राहू देऊ?"

सगळे वर बघायला लागले. बाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "राहू दे. अन् पुसलं तेवढं परत लिही."

पेंटरचा लाल रंग तोवर संपला होता. त्यानं 'प्रसू' निळ्या रंगात लिहिलं. ते अजूनही तसंच आहे. बघायचं असेल तर आष्टीच्या रस्त्यानं जाताना डाव्या हाताला बघा.

नोटीस बाबांनी मागं घेतली. मी वरच्या ऑफिसला अहवाल पाठवला की सदर कोंबडा पात्र वैद्यकीय व्यावसायिक नसल्यामुळे प्रकरण पॉलिसीच्या कक्षेत येत नाही. आमच्या पुणेरी मॅनेजरसाहेबांनी तो वाचून मला विचारलं, "पात्र असता तर?" मसुद्याचं म्हणाल तर तो मुंबईत विचाराधीन आहे असं ऐकतो. विचाराधीन गोष्टींना म्हातारपण येत नाही. बाईंचा हप्ता दरवर्षी थोडा चढतो, बाई दरवर्षी "यंदाचं शेवटचं" म्हणतात आणि भरतात. पण त्या दिवसानंतर मी बैठकांतलं भाषण बदललं. चूक कबूल करू नका, ही अट आहे आणि ती मी सांगायचोच. पण पुढं म्हणायचो, रडणाऱ्या माणसाजवळ दोन मिनिटं बसू नका असं पॉलिसीत कुठंही लिहिलेलं नाही, मी सगळी पानं पुन्हा वाचली आहेत. कोरपन्याच्या दातांच्या डॉक्टरांनी हे ऐकून लगेच नवरीच्या वडिलांना फोन लावला. वडील म्हणाले, कोणता अंगठा?

निवृत्त झालो तेव्हा ऑफिसनं शाल आणि घड्याळ दिलं. प्रज्ञाबाई आणि सोमाजीबाबा गोंडपिपरीहून मुद्दाम आले होते. बाबांच्या हातात टोपली होती, टोपलीवर फडकं, आणि फडक्याखाली काहीतरी रागानं हलत होतं. "आता तुमीच सांभाळा," बाबा म्हणाले. "तुमाले अट माहीत आहे." त्यामुळे वकील सध्या चंद्रपूरला माझ्या अंगणात असतो. म्हातारा झालाय, पण चोच शाबूत आहे. दूधवाला, गॅसवाला, वीजबिल देणारा, कोणालाच त्यानं सोडलेलं नाही. आमच्या बेगमनं फाटकाजवळ कायमचा एक तांब्या भरून ठेवला आहे. ज्या माणसानं दोन जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना 'चुकलं' म्हणायची बंदी केली, तो माणूस रोज सकाळी फाटकापाशी उभा राहून तेच म्हणतो.

हा लेख लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की बाबांच्या गावच्या रीतीप्रमाणे मी पाणी पिऊन संपलेला विषय उकरून काढला आहे, तोही छापून. म्हणजे अख्ख्या गावाला चहा लागू झाला. काल प्रज्ञाबाईंना फोन केला आणि सांगितलं, की गुन्हा झाला आहे, उद्या साखर-पत्ती घेऊन येतो, चहा तुमच्याच अंगणात करू, गावाला निरोप द्या.

बाई खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "या ना. पण वकिलाले घरीच ठेवा. अन् दुपारून या रफिकभाऊ, सकाळी दोन बाळंतपणं आहेत."